पिवळी वायर

घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला घड्याळजीच म्हणत, अगदी घरचेसुद्धा. मनगटावरची घड्याळं कमी झाली तसा त्याने छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांचा नाद लावून घेतला. "एक खूळ गेलं, दुसरं आलं," बायको म्हणायची. पण या खुळातून एक उपयोगाची गोष्ट निघाली. आजारपणात वडिलांचा आवाज गेला, अंथरुणातून उठवेना. ते थोरल्या भावाकडे, दादाकडे असत. घड्याळजीने त्यांच्या उशाशी एक बटण बसवलं आणि दादाच्या खोलीत छोटा पडदा. बटण दाबलं की पडद्यावर अक्षरं उमटायची: 'बाबांनी बोलावलंय.'

दादाने तेव्हा किती कौतुकाने सगळं विचारून घेतलं! कुठली वायर कशाची, कुठे काय जोडलंय.

"ही पिवळी निघाली तर?"

"उजेड राहील, अक्षरं येणार नाहीत."

थोरला भाऊ आपल्या कामात लक्ष घालतोय म्हणून हा हुरळून गेला. भोळाच तो.

मग पडदा रुसायला लागला. निळा उजेड चालू, अक्षर एक नाही. घड्याळजी येऊन मागचा स्क्रू पिळून अक्षरं गडद करून बघे, सगळ्या वायरी उपसून पुन्हा लावी. चालू होई. चार दिवसांत पुन्हा तेच. पडदा बदलला, बोर्ड बदलला. इकडे बाबा बटण दाबत ओल्या अंथरुणात पडून राहायचे आणि याचा जीव तीळतीळ तुटायचा. दादा खांद्यावर हात ठेवायचा. "मनाला लावून घेऊ नकोस. स्वस्तातला माल, असंच व्हायचं." शेवटी घड्याळजीने प्रत्येक वायर गोंदाने चिकटवून टाकली.

पुढच्या खेपेला आला, तर पुन्हा कोरा निळा उजेड. त्याने पडद्यामागची बोर्डाची डबी उघडली. पिवळ्या वायरीचा गोंद ब्लेडने कापलेला होता, आणि वायर बोर्डावरच्या शेजारच्या रांगेतल्या भोकात नीट खोचलेली. सुटलेली वायर लोंबकळते. आपणहून उठून शेजारी जाऊन बसत नाही.

"दादा, हे तू केलंस?"

दादाने आधी कानांवर हात ठेवले, मग आवाज चढवला. "दिवसभर बटण दाबत असतात! तू येतोस पाहुण्यासारखा, निस्तरायचं मी!"

"मग सांगायचंस ना. मी नेलं असतं त्यांना माझ्याकडे."

"आणि थोरल्याने बापाला घराबाहेर काढलं, हे ऐकून घ्यायचं मी?"

घड्याळजीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचंही आणि लाजेचंही. सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता, आणि वर इतके दिवस तोच याची समजूत काढत होता. त्याने वायर जागेवर लावली आणि सगळं सांगून टाकायला तो तरातरा बाबांच्या खोलीत गेला.

बाबांनी खुणेने त्याला जवळ बोलावलं. कान ओठांशी नेला तेव्हा कुठे पुटपुटलेले शब्द कळले.

"दादावर चिडू नकोस हं. पडदाच बंद, त्या बिचाऱ्याला कळणार कसं? कळलं असतं तर धावत आला असता."

दारात दादा मान खाली घालून उभा होता. घड्याळजीने त्याच्याकडे पाहिलं नाही. बाबांची चादर सारखी करत तो म्हणाला, "हो बाबा. माझंच काम कच्चं होतं."