अलॉयची चाकं आणि वरकुट्याचे प्रमुख पाहुणे

मी बारामतीत एका कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. बल, दाब, घर्षण, आघात, सगळं शिकवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझ्याबद्दल उगाच सहानुभूती वाटायला नको.

गेल्या दिवाळीत मी माझ्या गाडीची चांगली धडधाकट लोखंडी चाकं काढून टाकली आणि अलॉयची बसवून घेतली. कंपनीची नव्हेत, बाहेरची. मूळच्यापेक्षा दोन इंचांनी मोठी, चंदेरी, आणि त्यांवर टायर एवढं बारीक की डब्याला रबरबँड लावावं तसं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुमची चॉइसच वेगळी आहे." माझ्या पुढच्या गिऱ्हाइकालाही तो हेच म्हणाला होता. मी ऐकलं होतं. तरी खूश झाले. जुनी चाकं त्यालाच देऊन टाकली. डिकीतली स्टेपनी तेवढी लोखंडी राहिली, कारण ती कुणाला दिसत नव्हती.

माझा नवरा महेश एवढंच म्हणाला, की उसाचा हंगाम सुरू होतोय, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर धावायला लागले की इंदापूरपर्यंतचे रस्ते नांगरल्यासारखे होतात, तेव्हा चाकं हंगाम संपल्यावर, फाल्गुनात बदलली असती तर? मी त्याला फळ्यासमोरच्या आवाजात कमी वजन आणि रस्त्यावरची पकड हा विषय समजावून दिला. तो गप्प बसला. (त्याला पटलं असं मी तेव्हा समजले. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी माझी ही समजूत जात नाही.)

सासऱ्यांनी मात्र तोंड उघडलं. आमचे तात्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी त्यांनी कालव्याच्या कडेनं सायकलवर केली. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "मधी एवढी भोकं कशाला ठिवल्यात?"

मी म्हणाले, "ब्रेकची उष्णता बाहेर जाते, तात्या."

"बाहीर जायाचं ऱ्हाऊ दे. आत काय जातंय त्ये बघ."

आत काय जातं ते पंधरा दिवसांत दिसलं. चिखल, पाचट, कारखान्यातला उसाचा चोथा आणि एकदा अख्खं उसाचं कांडं. मी रोज सकाळी जुन्या टूथब्रशनं चाकांची भोकं घासायला लागले. शेजारच्या काकू कुंपणावरून बघत राहायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मला चोरीची भीती वाटायला लागली. म्हणून प्रत्येक चाकाचा एक नट काढून तिथं कुलपाचा नट बसवला. तो साध्या पान्यानं निघत नाही, त्याची खास किल्ली लागते. ती किल्ली मी कपाटाच्या लॉकरमध्ये, मंगळसूत्राच्या डबीशेजारी ठेवली. चोर आलाच तर हात हलवत परत जाणार, असं मी महेशला अभिमानानं सांगितलं.

अशात इंदापूरकडच्या वरकुटे गावच्या शाळेचं तात्यांना बोलावणं आलं. स्नेहसंमेलन, प्रमुख पाहुणे. तात्या त्याच शाळेत शिकले होते, आणि सातवीत फी भरली नाही म्हणून त्याच शाळेनं त्यांना वर्गाबाहेर उभं केलं होतं. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी सांगितलं, तेही स्वयंपाकघरात, हळू आवाजात. तात्यांनी नवा सदरा शिवून घेतला. भाषण लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. महेशला पुण्याला जायचं होतं. तो म्हणाला, तात्यांना एसटीनं जाऊ दे. मला तो माझ्या चाकांचा अपमान वाटला. मी म्हणाले, मी नेते.

सकाळी धुकं होतं. लासुर्ण्यापर्यंत तात्या भाषण पुटपुटत होते आणि मी डांबराची बेटं शोधत गाडी चालवत होते. रस्ता मधे उंच आणि दोन्हीकडं चाकोऱ्या. जागोजागी पडलेला ऊस चेंगरून रस्त्याला चिकटलेला. प्रत्येक दणक्याला तात्यांचं वाक्य तुटायचं, आणि ते पुन्हा "आदरणीय व्यासपीठ"पासून सुरू करायचे. आतल्या रस्त्याला लागलो. तिथं कालव्याला पाणी सुटलेलं, त्याचा पाझर रस्त्यावर आलेला. मला वाटलं, डबकं आहे. ते डबकं नव्हतं. तो खड्डा होता आणि त्यात डबक्याइतकं पाणी होतं.

आवाज असा आला, की तात्यांचं व्यासपीठ ओठातच राहिलं. खाली उतरून बघते तर पुढच्या डाव्या चाकाची कड पापडासारखी मुडपलेली आणि टायर जमिनीला टेकलेलं.

मी म्हणाले, दहा मिनिटांत स्टेपनी लावते. पदर खोचला, पाना घेतला. तीन नट निघाले. चौथ्यापाशी माझा हात थांबला.

"काय झालं?" तात्यांनी विचारलं.

"याची किल्ली वेगळी आहे."

"मग काढ की."

"लॉकरमध्ये आहे. घरी."

तात्यांनी वाकून तो नट नीट बघितला. तेवढ्या वेळात मला आघाताची व्याख्या आठवली, पण तिचा उपयोग नव्हता. कार्यक्रम दहाचा होता. साडेनऊ वाजून गेले होते. त्यांनी सदऱ्याच्या बाहीवर उडालेला चिखल पुसायचा प्रयत्न केला, तो जास्तच पसरला, आणि ते तोंड फिरवून कालव्याकडं बघायला लागले.  त्या पाठमोऱ्या सदऱ्याकडं बघून मला चाकासकट कालव्यात जावंसं वाटलं.

कारखान्यावर ऊस टाकून परत येणारा एक ट्रॅक्टर थांबला. चालवणारे दामूअण्णा वरकुट्याच्या पुढं ऊसतोडीच्या फडावर निघाले होते. त्यांनी चाक बघितलं, मग मला बघितलं आणि म्हणाले, "दिसायला लई झ्याक हाय. पन चाक फिरायला लागतंय, बाई."

तात्या त्यांच्याशेजारी मडगार्डवर बसले. मी विचारलं, गाडी अशीच सोडून कसं जायचं? तात्या म्हणाले, "तुला निघंना, तर चोराच्या बापाला निघतंय व्हय? चढ."

मी रेशमी साडीत रिकाम्या ट्रॉलीत चढले आणि पाचटात उभी राहिले. शाळेच्या फाटकावर लेझीम पथक मोटारीची वाट बघत होतं. ट्रॅक्टर आला तसं त्यांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. प्रमुख पाहुणे वर बसलेत हे कळायला मुख्याध्यापकांना दोन मिनिटं लागली.

भाषणाचे कागद गाडीत राहिले होते. तात्या माईकसमोर उभे राहिले, खिसे चाचपले, आणि समोरच्या पोरांकडं बघून म्हणाले, "आमाला उशीर का झाला, त्ये सांगतो."

आणि सांगितलं. टूथब्रश सांगितला, लॉकर सांगितलं, मी कुठल्या विषयाची मॅडम आहे तेही सांगितलं. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. शेवटी तात्या म्हणाले, याच शाळेनं मला एकदा बाहेर उभं केलं होतं, आज आत बोलावलंत, बरं वाटलं. मग हसणं थांबलं, आणि मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला. मी माझा पुसला नाही, कारण माझे हात काळे होते.

संध्याकाळी पुण्याहून परतलेला महेश घरून किल्ली घेऊन आला. चाक निघालं. अलॉयचे नट लोखंडी स्टेपनीला बसेनात. गाडी दोरीनं ओढत घरी नेली. त्याच दुकानदाराकडून लोखंडी चाकं पुन्हा आणायला मी स्वतः गेले. तो म्हणाला, "मॅडम, तुमची चॉइसच वेगळी आहे."

त्या दिवसापासून तात्यांना गावोगावच्या शाळांची बोलावणी यायला लागली. विषय लेखी कळवतात: सूनबाईंची चाकं. मी त्यांना घेऊन जाते, आणि पहिल्या रांगेत बसते, कारण तात्यांना बोट दाखवायला सोपं पडतं.

गेल्या आठवड्यात कोऱ्हाळे बुद्रुकला कार्यक्रम होता, आणि नेमका तात्यांना ताप. शाळेला नाही म्हणवेना, म्हणून मीच गेले. भाषण मला पाठ होतंच. हशा तात्यांपेक्षा थोडा जास्तच मिळाला. आता तात्या माझ्याशी बोलत नाहीत.