वाळूत जिरणारी नदी

बाबांची खुर्ची दर महिन्याला वीतभर टीव्हीकडे सरकत होती. रोज तिथं झाडू मारणारी मी, पण मला ते कळायला दिवाळी उजाडली. तेही मी चिडले म्हणून. "आता काय टीव्हीतच जाऊन बसता?" म्हटलं, तर शांतपणे म्हणाले, "हत्ती कडेले गेला का दिसतच नाही वो मले."

दुसऱ्याच दिवशी त्यांना खामगावला नेलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा गेल्यात जमा होता. उजव्याला समोरचं दिसत होतं, कडेचं नाही. औषधाच्या थेंबांनी जेवढं थोपेल तेवढं थोपवायचं, गेलेलं परत येणार नव्हतं. मी सरकारी दवाखान्यात औषधं देते, असे थेंब माझ्या हातून रोज जातात. पण बाबांची बाटली हातात घेतली तेव्हा तिच्यावरचं नाव मला वाचता येईना.

परतीच्या एसटीत बाबा खिडकीशी बसले. आमचं गाव, सोनाळा, जवळ आलं. मग एकदम म्हणाले, "थे टीव्हीतलं खोटंच असन. नदी वाळूत कशी जिरन?"

बोट्सवाना नावाच्या देशावरचा कार्यक्रम ते तीन-तीनदा पाहत होते. तिथली ओकावांगो नदी दूरच्या डोंगरातून येते, समुद्राला जातच नाही, वाळवंटात पसरते आणि तिथंच संपते. त्यातही गंमत अशी, की तिथं पावसाचा टिपूस नसताना, तिथल्या ऐन हिवाळ्यात, म्हणजे आपल्याकडं पावसाळा असतो तेव्हा, पूर येतो. दूर डोंगरात पडलेल्या पावसाला तिथवर पोचायला काही महिने लागतात. मग त्या पाण्यातून पोटापर्यंत भिजलेले हत्ती चालत जातात.

बाबांनी सारी हयात सोनाळ्यावरच्या सातपुड्यात वनमजुरी केली. वाघाच्या पावलावर काच ठेवून तिच्यावर स्केचपेननं ठसा उतरवायचं काम त्यांच्याकडं असायचं. वाघ पाहिला, अस्वल पाहिलं, पण जंगलात मोकळा हत्ती त्यांना कधी दिसला नाही. आणि समुद्राला न जाणारी नदी तर त्यांच्या हिशेबात बसतच नव्हती.

"खोटं का खरं, जाऊन पाहू," मी म्हटलं. इतक्या मोठ्यानं, की कंडक्टरनं मागं वळून पाहिलं. माझं हे असंच आहे. तोंड आधी चालतं, डोकं मागून येतं.

गावात बातमी पसरायला किती वेळ लागतो! शेजारचे काका कुंपणाशी येऊन उभे राहिले. "काऊन वो बाई, आमच्या वावरात रोही शिरले तं आमी फटाके फोडून हाकलतो, अन तुमी जनावरं पाहाले इमानात बसून जाऊन राह्यले?" पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या पोलिसानं तर सरळ विचारलं, "हत्ती पाहाचा तं केरळात जा ना!" बाबा म्हणाले, "हत्ती हाये हो तठी. थे नदी नाही." पोलिसानं चहा संपवला आणि सही केली.

पुण्याची एक मुलगी सहलीचं सगळं जुळवत होती. भारी गोड बोलायची. शाकाहारी जेवण, वायफाय, हवामान, सगळ्याची उत्तरं तिच्याकडं तयार होती. बाबांच्या प्रश्नांची मात्र नव्हती. मी ते वहीत उतरवून तिला पाठवायची. हत्तीचा वास वाऱ्यावर किती दुरून येतो? पाणी येताना पुढं काय वाहत येतं, पालापाचोळा का किडे? आणि वाघ निघाला की आपल्याकडं वानर खॅक-खॅक करतं, तसं तिथं सिंह-बिबट्या निघाल्याचं कोण सांगतं?

मुलीनं ते तिथल्या वाटाड्याकडं धाडले. चार दिवसांनी त्यानं स्वतःच्या आवाजात उत्तर पाठवलं. मी थांबवत थांबवत मराठीत सांगितलं: बिबट्या दिसला की तिथंही वानरं ओरडतात, हरणं नाकातून फुस्स करतात. पाणी अगदी सावकाश येतं, माणसाच्या चालीपेक्षाही हळू, आणि त्याच्या पुढं किडे पळत सुटतात, त्यांच्यावर पक्षी तुटून पडतात.

"तठीबी वानरच सांगते!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "मंग माणूस खरा दिसते. इचार त्याले, गाडीतून उतरू देते का. जंगलात जाऊन गाडीत बसून राहाचं असन, तं मी घरी टीव्ही पाहतो."

पाणी जुलैत येणार होतं, म्हणून जुलैच ठरला. जानेवारीत पुन्हा खामगावला गेलो. तपासणीच्या कागदावर काळा भाग वाढला होता. जुलैपर्यंत किती उरेल, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

माझा धीर सुटला. घरी येताच पुण्याला फोन लावला: फेब्रुवारीत जागा आहे का? होती. पण तेव्हा गवत उंच, जनावरं पांगलेली आणि पूर आलेला नसतो, असं मुलीनं आधीच बजावलं. नसू दे. निदान बाबांच्या डोळ्यांत नजर तरी असेल. मी हो म्हणणार, तेवढ्यात दारातून बाबा म्हणाले, "पाणीच नसन, तं मी जाऊ कायले?"

मग आमचं जुंपलं. "जुलैत नाही दिसलं तर काय करणार?" मी ओरडले. एवढ्या दिवसांत जे कुणीच बोललं नव्हतं, ते बोलून गेले. बाबा रागावले नाहीत. "दिसन तितकं दिसन," म्हणाले, आणि गमछा खांद्यावर टाकून मागच्या दारानं निघून गेले. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत बसले. स्वतःचीच मला लाज वाटत होती.

तासाभरानं परसात गेले. नळापाशी ओली माती असते, तिथं बाबा उकिडवे बसले होते. डोळ्यांवर गमछा घट्ट बांधलेला. उजव्या हाताची बोटं मातीवर फिरत होती. "बकरी," ते स्वतःशीच म्हणाले. बोटं पुढं सरकली. "पाठ, तिचंच पिलू. मागूनच चाललं." पुन्हा पुढं. "कुत्रं. लंगडते." आमच्या गल्लीतलं कुत्रं मागच्या पायानं लंगडंच आहे.

"हे काय चाललंय, बाबा?"

"सवय करून राह्यलो." गमछा काढायचं नाव नाही. "रोजच करतो, तू दवाखान्यात गेली का. जुलैपरेंत हातानं माग वाचता आला पाह्यजे ना."

मी दोन पावलं पुढं गेले. बाबा सरकले, मघाशी, ते इथं नसताना, मी नळावर पाणी घ्यायला आले होते, त्या पावलावर त्यांचा हात पडला. बोटांनी टाच चाचपली, मग अंगठा.

"हे बाईमाणूस," ते म्हणाले. "टाच खोल रुतली. रागानं चालली." मग त्यांनी पुढचं पाऊल चाचपलं. "अन भेली हाये."

मी तिथंच मातीत बसले आणि रडले. चांगली हमसून रडले. बाबांनी मातीचाच हात माझ्या डोक्यावर ठेवला.

संध्याकाळी मी पुण्याला कळवलं: जुलैच पक्का. आणि वाटाड्यासाठी शेवटचा प्रश्न लिहिला: हत्ती नुकताच चालून गेला असेल अशा जागी माझ्या वडिलांना गाडीतून उतरवून त्या पावलात हात ठेवू द्याल का?

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. उतरवीन, त्यानं लिहिलं होतं, मी स्वतः बरोबर राहीन. हत्तीच्या तळपायाला भेगा असतात, त्या प्रत्येक हत्तीच्या वेगळ्या, ओल्या मातीत त्या साफ उमटतात. मग त्यानंच एक प्रश्न विचारला होता. आमच्या एवढ्या प्रश्नांनंतर पहिल्यांदाच त्याला काही विचारावंसं वाटलं होतं: तुमच्या वडिलांना वाघाचा माग हातानं ओळखता येतो का, आणि येत असेल तर ते मला शिकवतील का?

मी बाबांना ते वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग ट्रंकेतून त्यांनी ठसे उतरवायची जुनी काच काढली, तिच्यावरची धूळ गमछ्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

"हे बॅगेत टाक," म्हणाले. "कपड्यांच्या मधात ठेवजो. फुटली नाही पाह्यजे."