हेलियम वरून खाली सोडायचा

हॉस्टेलच्या मैत्रिणींनो, आज या फळ्यावर मेसच्या तक्रारीऐवजी माझा अनुभव वाचा.

सातपूरच्या आमच्या कारखान्यात एका निर्वात टाकीला गळती निघाली. गळती शोधायला आमच्याकडे मास स्पेक्ट्रोमीटर आहे. टाकीतली हवा ओढून घ्यायची आणि बाहेरून जोडांवर हेलियम सोडायचा. फटीतून आत शिरलेल्या कणांना यंत्र विद्युतभार देतं, मग चुंबक त्यांना वळवतं. हलका कण जास्त वळतो, जड कमी. हेलियम वळून जिथे पोहोचतो, तिथेच झिरी ठेवलेली असते. म्हणून यंत्राची सुई फक्त हेलियमला हलते.

आमच्या सुपरवायझरनी तळाच्या वेल्डिंगवर हेलियम सोडला. सुई हलली.

"सलीम, तुझा जोड गेला. कापून काढ."

"साहेब, माझा जोड गळणार नाय," आमचे वेल्डर, मालेगावचे सलीमभाई म्हणाले.

सुई जरा उशिरा हलली होती, हे मी पाहिलं होतं. हेलियम हवेपेक्षा हलका, तो वर चढून दुसऱ्याच फटीतून आत शिरला असेल. मी म्हटलं, "सर, वरून सुरुवात करू या."

"मॅडम, पुस्तक राहू द्या. सुई बघा."

"सुईच बघतेय, सर."

शेवटी त्यांनी वरच्या झाकणाच्या रबरी रिंगेवर हेलियम सोडला. सुई ताबडतोब उडाली. रिंग बदलून तळाचा जोड पुन्हा तपासला, तेव्हा सुई जागची हलली नाही.

सुपरवायझरनी हेलियमची नळी माझ्या हातात दिली. "पुढची टाकी तुम्ही तपासा."

तिथे मी फक्त "बरं" म्हटलं. इथे लिहिते, मला माझा अभिमान वाटतो. तुम्ही स्वतःबद्दल असं शेवटचं कधी म्हणालात? खाली खडू ठेवला आहे.