मास्तरांचा शर्ट

"लिवा म्याडम, येतंय." माझा प्रश्न पुरा व्हायच्या आतच धारूरचे आमचे शिंपी मास्तर उत्तर देऊन मोकळे होत.

लकव्याने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. मी तालुक्यात घरोघर फिरून अशा रुग्णांना व्यायाम शिकवते आणि रोजची कोणती कामं त्यांची त्यांना जमतात, ते फॉर्मवर लिहिते. सोपं वाटतं ना? मास्तरांसमोर एकदा बसायला हवं होतं तुम्ही.

"जिना चढता येतो?"

"घराला जिनाच न्हाई. लिवा, येतंय."

"मग त्रास कशाचा होतो?"

"तुमच्या फारमाचा."

एके दिवशी मी गेले तर पुण्याहून त्यांचा मुलगा आलेला. अब्बांना स्वतःचं स्वतः करता येत नसेल तर दुकानाला कुलूप लावून त्यांना सोबत न्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. वाईट नव्हता तो, काळजीने अर्धा झाला होता. म्याडम सांगतील तसं, एवढ्यावर बापलेकांचा समझोता झाला होता. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर मास्तर कसे सुकून जातील, हे मला कळत होतं. पण खोटं लिहायची माझी तयारी नव्हती.

मी म्हटलं, "शर्टाची बटणं लावून दाखवा." हे त्यांना जमणार नाही, अशी माझी खात्री होती.

मास्तरांनी डावा हात छातीवरून दाबत खाली नेला. शर्ट बंद! मुलगा बघतच राहिला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, तो बाहेर गेला आणि मास्तरांना सणसणीत शिंक आली.

टच, टच, टच. शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत उघडा! वरची बटणं नुसती शोभेला शिवलेली, आतून सगळी टिचबटणं.

माझा पारा चढला. "मास्तर, ही चक्क लबाडी आहे."

"लबाडी कावून? फारम वाचा की."

वाचला. 'कपडे स्वतः घालतो का?' एवढंच होतं. बटणांचं खूळ माझं.

"आणि ही टाचली कुणी?"

"मीच. डाव्या हातानं. ह्या लबाडीला तीन हप्ते लागले, म्याडम."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. मुलगा आत आल्यावर मी त्याला ती टिचबटणं दाखवली आणि त्याच्यासमोरच लिहिलं: येतं. तो बराच वेळ एक बटण उघडत-लावत बसला. दुसऱ्या दिवशी तो एकटाच पुण्याला गेला.

मास्तर शेवटपर्यंत धारूरमध्येच राहिले. या उन्हाळ्यात गेले.

मागच्या आठवड्यात मी शेजारच्या खेड्यात लकव्याच्या एका माणसाकडे गेले होते. सवयीने म्हटलं, "बटणं लावा." त्याने एका हाताने वरून खाली दाबत नेलं. टच, टच, टच.

"कुणी करून दिली ही?"

"मास्तरनं," त्याची बायको म्हणाली. "दवाखान्यात बाकड्यावर भेटलते. लई जणांना दिली करून. आन् म्याडम आल्या की काय म्हणायचं, ते बी पाठ करून घेतलं ह्यांच्याकडून."

"काय म्हणायचं?"

तो वाकड्या ओठांनी हसला आणि अडखळत म्हणाला, "लिवा म्याडम... येतंय."

फॉर्मवरचं मला नीट दिसेना, पण लिहिलं.