मेमोतली रिकामी सीट

मंडळी, सकाळी मोबाईलवर पोलिसांचा दंडाचा ई-मेमो आला. म्हणे, कामरेज रस्त्यावर मी ऐंशीच्या स्पीडने मोपेड पळवली! अहो, माझी मोपेड पन्नासलाच थरथरते.

तणतणत गोडादऱ्यातल्या गुजराती वकिलांकडे गेले. म्हटलं, कोर्टात जायचंय. ते म्हणाले, "बेन, पाछळ कोण बेठेलुं? साक्षीदार जोईए."

मेमोतला फोटो उघडला. मागे कोणीच नव्हतं. हे गेले त्याला दोन वर्षं झाली. तरी त्यांना जागा व्हावी म्हणून सवयीने पुढे सरकूनच बसलेय मी.

वकील म्हणाले, "जवा दो, बेन. दंड भरी दो."

नाही भरणार. न्यायाधीश निदान विचारतील तरी, "बाई, त्या दिवशी कुठे निघाला होतात?"

तुम्हाला घरात कोणी विचारतं का हो?