तीन देवळ्यांची भिंत

खामगावच्या टाकीजमध्ये कडूबा गेटकीपर होता. अंधारात लोकांना जागा दाखवायची, एवढंच काम. हातात बॅटरी, गळ्यात मफलर आणि आवाजात असा रुबाब की नवख्याला वाटावं, टाकीज याच्याच बापानं बांधलं. "व्हा पुढं, थे खांबाजवळची. पाय सांभाळा, त्या बाईचं पोरगं हाय खाली." अख्ख्या तालुक्याला त्यानं बसवलं होतं. स्वतः मात्र लग्न झाल्यापासून पुष्पाबाईंच्या खोलीत भाड्यानं राहत होता.

पुष्पाबाईंची अट एकच होती, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी कडूबाच्या बायकोनं, कोकिळेनं, गाळणी टांगायला एक खिळा ठोकला. पुष्पाबाईंनी तो पकडीनं उपटला आणि आळीतल्या बायकांसमोर तिच्या तळहातावर ठेवला. "आपल्या घरात ठोकजो, होईल तवा." बायका पोट धरून हसल्या. कोकिळेनं खिळा जपून ठेवला. तिचे देव पत्र्याच्या डब्यात राहिले आणि दिवा जमिनीवर. वारा आला की ती दिव्यापुढं पदर धरून बसायची.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा चांदीवाल्यांच्या ओळीमागच्या गल्लीत झुंबरबाईंचं घर विकायला निघालं. झुंबरबाई विधवा, पोरबाळ नाही. भाचीकडे बीबी गावाला निघाल्या होत्या. गावाबाहेर स्टेशनच्या अंगाला नवे प्लॉट पडत होते, तेही स्वस्तात. पण कडूबाला जुन्या पेठेतच घर पाहिजे होतं. त्याच्या गावचे, सोनाळ्याचे लोक बाजाराला आले की त्यांना बोटानं दाखवता आलं पाहिजे. "प्लॉटात कोल्हे रायतात," तो म्हणायचा. सोनाळ्याच्या वावरातला हिस्सा भावाला गेला, कोकिळेच्या गळ्यातल्या पुतळ्या सराफाकडे गेल्या आणि घर झालं.

घर दोन खणांचं, वर मातीचं धाबं. धाब्याच्या तुळयांचं एक टोक अलीकडच्या भिंतीत रुतलेलं, दुसरं पलीकडच्या. पलीकडची भिंत शेजारच्या भगवानरावांच्या घराला लागून होती, म्हणजे दोन घरांत मिळून भिंत एकच. तिच्यात कडूबाच्या बाजूनं तीन देवळ्या, म्हणजे दिव्याचे कोनाडे, कोरलेल्या होत्या, काजळीनं आतून काळ्याकुट्ट. कोकिळा घरात आली ती सरळ देवळ्यांपाशी गेली आणि विकत घ्यायच्या गाईचे दात पाहावेत तसा एकेकीत हात घालून पाहिला.

जाताना झुंबरबाईंनी तिचा दंड धरला. "देवळ्या बुजवू नको, माय. दिवा तिथंच लावजो."

"काऊन हो?"

झुंबरबाईंनी दाराकडे पाहिलं. दारात भगवानरावांची बायको सरस्वतीबाई उभी होती. "नको बुजवू, इतकंच," म्हणून झुंबरबाई टांग्यात बसल्या.

भगवानराव सरकीचे व्यापारी. माणूस इतका गोड की समोरच्याला आपणच जरा कडवट आहोत असं वाटावं. दुसऱ्याच दिवशी ते कडूबाच्या घरात येऊन घडवंचीवर बसले.

"कडूबा, आता तू पेठेतला मानूस झाला. ह्या काय खेड्यावानी देवळ्या ठेवल्या? सपाट भिंत कर. घड्याळ लाव, फोटो लाव. अन् खरं सांगू का, त्या मधातल्या देवळीत झुंबरबाई मेल्या नवऱ्याच्या नावानं दिवा लावे. घरभरणीच्या आंधी बुजवून टाक. माती मी देतो. निजाम गवंड्याले धाडतो."

भगवानरावांनी आपल्याला 'पेठेतला' म्हटलं, यातच कडूबा विरघळला. कोकिळा मात्र अडून बसली.

"झुंबरबाई नको म्हने."

"काऊन नको?"

"ते नाही सांगितलं."

"मंग? मले भगवानरावानं कारन सांगितलं."

"पुकट माती काऊन देऊन राह्यला तो?"

"पेठेतले लोक असेच रायतात. तुले एक खिळा ठोकता आला नाही, अन् भिंतीचं मले शिकवते."

खिळ्याची गोष्ट नवराच काढील असं कोकिळेला वाटलं नव्हतं.

निजाम आला. माती कालवून झाल्यावर त्यानं विचारलं, "कडूबाभाऊ, बुजवू का नक्की?" थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. कडूबा म्हणाला, "बुजव ना बे, मुहूर्त पाह्यतं का?" निजामनं भगवानरावांच्या दाराकडे एकदा पाहिलं. भगवानराव पुढं माडी बांधणार आणि ते काम आपल्यालाच मिळणार, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं देवळ्यांत विटा बसवल्या आणि वरून थापी फिरवली. भिंत खरंच सुरेख झाली. कोकिळेनं आपला जपलेला खिळा तिच्यातच ठोकला आणि देवाची तसबीर टांगली.

घरभरणीला अख्खी गल्ली जेवली. रोडगे, वरण, वांग्याची भाजी. आलेला प्रत्येकजण आधी भिंतीपाशी जायचा, तिच्यावरून हात फिरवायचा. "फक्कड झाली, कडूबा. आरशावानी." गल्लीतले वडीलधारे महादेवराव, ज्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे, त्यांनी तर जेवून उठल्यावर भिंतीला थोपटलं. पाहुणे कोपऱ्यावर वळले तेव्हा मोठा हशा पिकला. कडूबाला वाटलं, जेवण अंगी लागलं.

दिवाळी झाली आणि एका दुपारी भगवानरावांच्या धाब्यावर मजूर चढले. कडूबा बाहेर आला.

"काय करून राह्यले, भाऊ?"

"पाडतो. माडी बांधाची हाय. खाली दुकानं काढाची."

"अन् मधातली भिंत?"

"थेही पाडतो. माही हाय ना."

"माह्या धाब्याच्या तुळया हायेत तिच्यात."

"हाव, पाह्यलं मी," भगवानराव म्हणाले, आणि मजुरांना चहा सांगितला.

मारुतीच्या पारावर पंच बसले. खरेदीच्या कागदात 'पश्चिमेस भगवानराव यांचे घर' एवढंच होतं, भिंतीचं नाव नव्हतं. महादेवरावांनी पान लावत विचारलं, "ज्याच्या घरात देवळ्या, त्याची भिंत, अशी आपल्या गल्लीची रीत हाय. दुसऱ्याची भिंत कोन कोरू देईन? दाखव तुह्या देवळ्या."

"होत्या ना. तीन होत्या. उकरून दाखवतो."

"होत्या, हे आमाले ठाऊक हाय. झुंबरबाईनं जपल्या. तू बुजवल्या. देवळी बुजवनं म्हनजे भिंतीवरचा हक्क सोडनं."

"मले काय ठाऊक?"

"इचारलं का कोनाले?"

"तुमी सारे जेवाले आलते. भिंतीवर हात फिरवला. एकानं तरी सांगायचं."

"तेच म्हनतो मी," महादेवराव म्हणाले. "साऱ्या गल्लीनं पाह्यलं. साक्षीले आनखी काय पाहिजे?"

पारावरची मंडळी हसली. हसणं ओळखीचं होतं, कोपऱ्यावर ऐकलेलं.

वकिलानं सांगितलं, दावा लाव, जिंकशीलही. पण निकाल लागेपर्यंत धाबं कशावर ठेवतो ते तेवढं ठरव. कडूबाला ते ठरवता आलं नाही. मग भगवानरावांनीच मोठं मन केलं. घर विकत घेतलं, म्हणजे लाकडाच्या भावानं, आणि शिवाय माडीखालची मागची खोली कडूबाला भाड्यानं दिली. भिंत पडली त्या दिवशी कोकिळा ढिगाऱ्यात कोपरापर्यंत हात घालून खिळा शोधत होती. सापडला नाही. किल्ली देताना सरस्वतीबाई म्हणाली, "नवं पलस्तर हाय बाई, खिळा-बिळा ठोकजो नको." दिवा पुन्हा जमिनीवर आला.

भगवानरावांनी माडी अर्ध्याच घरावर चढवली होती. दुसरी अर्धी बाजू जुनीच होती, आणि तिलाही लागून एक घर होतं. दोनेक वर्षांनी ते संग्रामपूरच्या शेषरावानं घेतलं. पोस्टात नोकरी, नवी बायको, पहिलंच घर. घरभरणीला गल्ली जेवायला बसली. कडूबाही बसला. कोकिळा वाढायला होती.

शेषराव हौसेनं पंगतीत फिरत होता. कडूबापाशी थांबला. "तुमचं घर व्हतं म्हनते या गल्लीत. तुमाले समजते. खरं सांगा भाऊ, भिंत कशी झाली?"

कडूबानं वर पाहिलं. थापी निजामचीच होती. सपाट भिंतीत दोन ठिकाणी माती अजून ओली, गर्द दिसत होती. दोन पानं सोडून भगवानराव रोडगा कुस्करत होते. त्यांनी मान वर केली नाही. करायची गरजही नव्हती, खोलीचं भाडं कडूबा त्यांनाच देत होता.

"फक्कड," कडूबा म्हणाला. "आरशावानी."

आणि त्यानं वरण मागितलं. वरणाची बादली कोकिळेच्या हातात होती. ती त्याचं पान सोडून पुढं गेली.