सायबाचं दार

मीता, नीरज,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझं इंग्रजी इतकं स्वच्छ कसं गं? कोणी शिकवलं?" मी म्हटलं, मास्तर चांगले होते. तुमचं समाधान झालं. माझं झालं नाही. उत्तर खरं होतं, पण अर्धं होतं, आणि अर्ध्या उत्तरांनी आमच्या माणसांचं काय केलं ते मी पाहिलेलं आहे. मी आता गप्प राहिले तर उरलेलं अर्धं माझ्याबरोबरच जाईल. म्हणून लिहिते. क्रमाने सांगते.

मी इंग्रजी कविता म्हणत होते, आणि समोरच्या गोदामात माझी माय कुलपाआड होती.

माय कारंज्याच्या एका जीनात मजूर होती. जीन म्हणजे कपाशीतली सरकी काढून रुई मोकळी करण्याचा कारखाना. मी बारा-तेरा वर्षांची असेन. राज्य अजून इंग्रजांचं होतं. गावातल्या इंग्रजी शाळेत महारवाड्यातली मुलगी मी एकटीच. वर्गात नाही, ओसरीवर बसायचे. खिडकीतून फळा दिसायचा. मास्तर माझ्यासाठी मुद्दाम मोठ्याने शिकवत.

त्या दिवशी नागपूरहून कारखान्यांचा सरकारी इन्स्पेक्टर आला होता. मद्रासकडचा साहेब, मराठी अजिबात येत नव्हतं. शेठच्या बंगल्याच्या व्हरांड्यात त्याचा चहा चालला होता. मला पायऱ्यांखाली उभं केलं. मॅनेजरने चपलेच्या टोकाने धुळीत रेघ ओढली.

"हिच्या अलीकडे यायचं नाही. आता म्हण."

मी कविता म्हटली. सगळी, न अडखळता. साहेबाने टाळ्या वाजवल्या. शेठ म्हणाले, "आमच्या जीनाची पोरगी. आम्हीच शिकवतो." खोटं. शेठना माझं नावही माहीत नव्हतं. मग त्यांनी टोपलीतलं एक संत्रं फरशीवर ठेवलं आणि काठीच्या टोकाने लोटलं. पायरी पायरी उतरत ते माझ्या पायाशी आलं.

मॅनेजर म्हणाला, "तोंड उघडलं की विलायत, अन् खाली पाहावं तर महारवाडा!"

सगळे हसले. साहेबही हसला. त्याला काय कळलं होतं कोण जाणे.

मी संत्रं उचललं. भूक लागली होती. गोदाम उघडल्यावर मायने ते सोललं आणि बायांना एकेक फोड दिली. रुईच्या धुळीने त्यांचे गळे बसले होते. एक बाई फोड चावेना, नुसती जिभेवर धरून बसली.

बाया गोदामात का होत्या, ते आता सांगते.

जीनात उंच ओट्यावर रेच्यांची रांग असे. रेचा म्हणजे सरकी वेगळी करणारं यंत्र. ओट्याखाली एक अरुंद गल्ली. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड लोखंडी दांडा गरगर फिरत असे. त्याच्यावरून पट्टे वर गेलेले, त्या पट्ट्यांवर रेचे चालत. सरकी खाली गल्लीत पडे. ती ओढून काढायला बाया आत जात. वाकून, चालत्या दांड्याखालून. इंजिन थांबवलं तर सगळं काम थांबतं. म्हणून इंजिन थांबत नसे. बाई वाकत असे.

कायदा होता. गल्लीला दार हवं, दाराला कुलूप हवं, दांडा फिरत असताना आत बाई किंवा मूल जाता कामा नये. शेठनी दार केलंही होतं. सागवानी, हिरव्या रंगाचं. फक्त ते गल्लीला नसे, सामानाच्या खोलीत असे. गल्लीच्या चौकटीला कब्जे, म्हणजे बिजागऱ्या, तेवढे बसवून ठेवलेले. आम्ही त्याला सायबाचं दार म्हणत असू.

साहेब यायचा तो आधी कळवून. गावात उतरायला, जेवायला शेठच्या बंगल्याशिवाय दुसरं ठिकाण नव्हतं. शेठची दमणी, म्हणजे बैलांची हलकी छपराची गाडी, साहेबाला आणायला स्टेशनाकडे निघाली की जीनात धावपळ सुरू व्हायची. फिटर करीमचाचा दार खांद्यावर घेऊन निघाले की बायांना चेव यायचा.

"जावई आला व माय! पाट मांडा, पाट!"

"दोन घास खाईन अन् संध्याकाळच्या गाडीनं जाईन."

"राह्य म्हणा दोन रोज. आमचा काय जीव आहे का नाही?"

करीमचाचा म्हणायचे, "हसून घ्या, हसून घ्या. या जावयाचं वजन माह्या खांद्याले विचारा."

मग मुकादम बायांना सरकीच्या गोदामात घाले आणि बाहेरून कुलूप लावी. दार जागेवर, गल्लीत बाई नाही, साहेब खूश. साहेबाची गाडी सुटली की दार पुन्हा सामानाच्या खोलीत आणि बाया गल्लीत.

पुढच्या हंगामात पारबतामावशी दांड्यात सापडली.

ती आमची शेजारीण. मायला ताप आला की मला जेवू घालणारी. लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचून आत जायची बायांची रीत होती. कोणी शिकवलेली नव्हती, भीतीने शिकवलेली. त्या दिवशी पदर सुटला. दांड्याने पदर ओढला, पदराबरोबर हात. इंजिन थांबेपर्यंत उजवा हात गेला होता.

तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. गाडी फाटकाबाहेर पडली आणि दार आलं. रक्त धुण्याआधी आलं. या खेपेला जावई आला म्हणून कोणी ओरडलं नाही. कुलूप लागलं. आणि मॅनेजर सगळ्यांना सांगू लागला, "गल्लीला कुलूप होतं. ते काढून बाई सरकी चोरायला आत शिरली."

मला तेव्हा अर्थ कळला नाही. मास्तरांनी सांगितला. कारखान्यात हात गेला तर कायद्याने भरपाई मिळते. मजुराने जाणूनबुजून यंत्राचं कुंपण, म्हणजे इथे हे दार, मोडलं तर नाही मिळत. म्हणजे जे दार मावशीला वाचवायला एक दिवसही जागेवर नव्हतं, ते तिला चोर ठरवायला तासाभरात जागेवर आलं.

चौकशीला तोच साहेब आला. दमणी नेहमीसारखी स्टेशनावर गेली. बाया गोदामात गेल्या. मला बोलावणं आलं.

मॅनेजर म्हणाला, "माझ्यापेक्षा मजुराच्या पोरीचं सांगणं साहेबाला पटेल. तो विचारेल, हे दार कायम असतं का. तू इंग्रजीत सांगायचं, हो, नेहमी कुलूपबंद असतं. एवढं एक वाक्य. तुझ्या आईचं काम तुझ्या जिभेवर आहे, लक्षात ठेव."

मी काही बोलले नाही. तो त्यालाच होकार समजला. आमच्या गप्प बसण्याचा त्याला तोच अर्थ माहीत होता.

गल्लीपाशी साहेबाने कुलूप ओढून पाहिलं. दाराकडे पाहिलं. मग मला विचारलं, हे दार नेहमी असतं का?

"बोल ना," मॅनेजर म्हणाला.

मी इंग्रजीत सांगितलं: "हे दार अपघात झाल्यावर लावलं. एरवी ते सामानाच्या खोलीत असतं. बाया रोज आत जातात. आत्ता त्यांना सरकीच्या गोदामात कोंडलं आहे. त्यांच्यात माझी आई आहे."

मॅनेजरला इंग्रजी येत होतं. तो घाईने म्हणाला, "साहेब, या पोरीला भाषा नीट येत नाही."

साहेब म्हणाला, "मला तर नीट कळलं."

मुलांनो, तुम्ही माझ्या इंग्रजीबद्दल विचारलंत. ते मास्तरांनी शिकवलं. पण माझं झालं ते त्या दिवशी, त्या दारापाशी. त्याआधी ते पायऱ्यांखाली उभं करून ऐकवायचं गाणं होतं.

गोदामाची किल्ली शेठकडे आणि शेठ अकोल्याला, असं मॅनेजरने सांगितलं. आतून खोकल्याचे आवाज येत होते. साहेबाने कुलूप तोडायला सांगितलं. मुकादम जागचा हलला नाही. करीमचाचांनी हातोडा आणला आणि कोणाकडेही न बघता दोन घाव घातले.

बाया बाहेर आल्या. केस, भुवया, लुगडी, सगळं पांढरं. मला वाटलं, झालं. आता सगळं उजेडात आलं. किती वेडी होते.

साहेब एकेकीला विचारू लागला. मी मराठीत विचारायचं आणि उत्तर इंग्रजीत सांगायचं. मुकादम साहेबाच्या पाठीमागे उभा. बायांचे डोळे साहेबाकडे नव्हते, त्याच्याकडे होते.

"तुम्ही गल्लीत जाता?"

"नाही सायेब. कायले जाऊ? तेथी दार हाय ना."

"मग गोदामात काहून होत्या?"

"सावलीत बसलो होतो जराशा."

"आणि बाहेरून कुलूप?"

"वाऱ्यानं लागलं असन."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकू लागलं.

मग माय पुढे आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी नाही जात आत. कोणीच नाही जात."

साहेब माझ्याकडे पाहत राहिला. मी सांगितलं, "ती म्हणते, ती आत जात नाही. कोणीच जात नाही." आणि थांबले नाही. म्हटलं, "ही माझी आई आहे. ती खोटं सांगते आहे, कारण तिला भीती वाटते. ते पण लिहा."

साहेबाची पेन्सिल थांबली. तो माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "साक्षीदार सांगतो तेवढंच मला लिहिता येतं. भीती लिहायला जागा नाही."

मग त्याची जेवणाची वेळ झाली. तो शेठच्याच बंगल्यात जेवला. संध्याकाळी शेठच्याच दमणीने स्टेशनावर गेला.

मायने मला मारलं नाही. चुलीपुढे बसून एवढंच म्हणाली, "आता काम कोण देईन मले? तुही इंग्रजी देईन का?" दुसऱ्या दिवशी मुकादमाने तिला फाटकातून परत पाठवलं. हंगाम संपेपर्यंत ती कामरगावाकडे कापूस वेचायला जात राहिली. भल्या पहाटे निघायची. माझ्याशी कामापुरतं बोलायची.

साहेबाने खटला भरला, हे मला नाकारता येत नाही. दार नंतर लावलं म्हणून शेठला दंड झाला. मी पारबतामावशीबरोबर कोर्टात गेले होते. दंड जागच्या जागी भरून शेठ बाहेर आले आणि वकिलाला हसत म्हणाले, "दंड कसला? दाराचं भाडं समजा."

भरपाईचा अर्ज वेगळ्या हाकिमापुढे चालला, आणि तिथे मात्र बायांचे जबाब वाचले गेले. कोणीच बाई गल्लीत जात नाही. मग पारबताच का गेली? चोरीसाठी. अर्ज फेटाळला.

कोर्टाबाहेरच्या ओट्यावर बसून मावशीने मला विचारलं, "माह्या हातानं काय चोरलं व पोरी? हातच तेथी राह्यला."



मी बायांना दोष देत नाही. फार दिवस दिला, मग सोडून दिला. साहेब वर्षातून एकदा येणार, मुकादम रोज. कोणाला भ्यावं हे त्यांना बरोबर कळत होतं. मला चीड आली ती दुसऱ्या गोष्टीची. कायद्याचा गोषवारा कामगारांना कळावा म्हणून इंग्रजीत आणि मराठीत टांगायचा, असा नियम होता. तो टांगलाही होता, मॅनेजरच्या ऑफिसात, त्याच्या खुर्चीमागे. तिथे आमच्या बायांना पाऊल ठेवता येत नव्हतं. कायदा बायांसाठी होता, आणि एकाही बाईच्या कानावर तो कधी पडलेला नव्हता.

त्या कोर्टाच्या ओट्यावर मी ठरवलं. दुसऱ्याने तोंडात घातलेलं वाक्य बोलायचं नाही. आणि साहेबाला सांगून थांबायचं नाही, बायांना सांगायचं.

मी शिकले, मास्तरीण झाले, कारंज्यातच राहिले. दसरा झाला आणि जीनं सुरू व्हायची वेळ आली की बाजाराच्या दिवशी आमच्या विहिरीवर बसून दाराचं ते कलम बायांना वाचून दाखवायचे. आधी कायद्यात आहे तसं, मग आपल्या बोलीत: दांडा फिरून राह्यला तोवर आत जायाचं नाही. इंजिन बंद करा म्हणायचं. नाही केलं तर भाईर बसायचं. सगळ्यांनी बसायचं, एकटीनं नाही.

शाळेकडे तक्रार गेली. मला बोलावून सांगितलं, "शिक्षिकेने शिकवावं, चिथावू नये." मी म्हटलं, शिकवतेच आहे.

एका हंगामात बाया खरंच बसल्या. गल्लीच्या तोंडाशी, पदर खोचून, गप्प. माझी मायही त्यांच्यात होती. तिला परत कामावर घेतलं होतं, कारण हंगामात हात कमी पडतात. दुपारपर्यंत रेचे सरकीने तुंबले आणि इंजिन थांबलं. त्या हंगामात सरकी ओढताना रोज थांबलं. पुढच्या हंगामात शेठनी मानोऱ्याकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यांवरून नव्या बाया आणल्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. दार सामानाच्या खोलीत गेलं. मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. त्यांची बोली वेगळी, मला येईना. तीही शिकले.

मी जिंकले असं तुम्ही कोणाला सांगू नका. पारबतामावशीला चोर ठरवणारा निकाल कोणी बदलला नाही. माझ्या मायचा खोकला तिच्याबरोबरच गेला. मी कोणाला माफ केलेलं नाही, आणि वय झालं म्हणून करणारही नाही. ज्या कारखान्यात बाई कामाला आहे तिथलं कलम तिच्या बोलीत तिला वाचून दाखवायचं, हे माझं काम आहे. आवाज आहे तोवर करीन.

जीन केव्हाच बंद पडलं. यंत्रं भंगारात गेली. तिथे आता दुकानांचे गाळे आहेत. चालत्या यंत्राला कुंपण हवं, हे कलम अजून कायद्यात आहे.